भाकरीपुरता वेळ

ग्युमरीत पहाटे चारला बर्फ निळसर असतो.
मी आर्पेनिक. एकतीस वर्षं तोनिरच्या काठावर.
जमिनीत पुरलेला मातीचा तो रांजण,
त्यात कमरेपर्यंत वाकून
तापल्या भिंतीला लवाश थापते.

शुशानिक मावशीने शिकवलं होतं:
"घड्याळ कशाला? थाप, आणि प्रभूची प्रार्थना सुरू कर.
आमेनला ओढ बाहेर.
घाई केलीस तर कच्ची राहील,
चित्त भटकलं तर करपेल."

म्हणजे रोज तीनशे वेळा प्रार्थना केली मी.
आमच्या चर्चच्या तेर येघिशेंनीसुद्धा केली नसेल इतकी.
ओठांना पाठ, मनगटाला पाठ.
मी मात्र तेव्हा पिठाची पोती मोजत असायचे,
समोरच्या खानावळीची उधारी मोजत असायचे,
आणि भाकर नेमकी भाजायची.

मार्चमध्ये मालकाच्या मुलाने, वाझगेनने,
एक डबी आणली. पांढरी, साबणाएवढी.
"चाळीस सेकंद, आत्या. मग आपोआप वाजेल."
ती कोंबडीच्या पिल्लासारखी चिवचिवते.
भाकरी एकसारख्या उतरू लागल्या
आणि माझे ओठ मिटले.

अकरा दिवस.
माझ्या लक्षातही आलं नाही.
बाराव्या दिवशी लाटणारी सिरानुश म्हणाली,
"बरं नाही का गं? भट्टी मुकी झालीय."

त्या रात्री डबी एप्रनच्या खिशातून घरी नेली.
स्वयंपाकघरात, मेणकापडाच्या टेबलाशी बसले.
चाळीस सेकंद.
पीठ नाही, धग नाही.
दोन हातांचं काय करायचं तेच कळेना.

जिथे भाकर मागायची त्या ओळीपर्यंत ठीक आले.
पुढची ओळ क्षमेची.
आणि तेव्हा उमगलं,
याच ओळीला माझा हात आत जायचा,
तोंडावर झळ यायची, डोळे मिटायचे,
मनगटावरची लव जळायची,
आणि ती ओळ मी धुराबरोबर गिळून टाकायचे.
दिवसाला तीनशे वेळा. एकतीस वर्षं.

आता झळ नव्हती.
ओळ समोर उभी, आणि ओळीत वार्सेनिक,
माझ्या भावाची बायको.
भूकंपानंतर आईच्या नावाने मिळालेल्या घरात
ती राहायला गेली, कुलूप बदललं,
आणि मी दोन पोरांसह नऊ हिवाळे
लोखंडी डब्यात काढले.
भिंतींना आतून बर्फ धरायचं.

"मी तिला क्षमा करते," म्हणून पाहिलं.
कच्ची.
कच्ची मला बोटाने ओळखता येते.

डबी चिवचिवली.
"इथपर्यंतच," मी त्याला सांगितलं, "उद्या बघू."

तेव्हापासून कामावर निघण्याआधी, साडेतीनला, बसते.
रोज म्हणणार नाही. ईस्टरच्या आठवड्यात चार दिवस झोपून राहिले.
एकदा वनाद्झोरच्या बसमध्ये उभ्या उभ्या केली,
एका माणसाच्या काखेतल्या कांद्यांकडे बघत,
आणि ती बरी झाली.
एकदा मेणबत्ती लावून रडले,
पण ते रडणं दाखवायचं होतं.
त्यालाही कळलं, मलाही.
मेणबत्ती फुंकून टाकली. मेण महाग आहे.

बहुतेक दिवस काहीच होत नाही.
त्या ओळीशी येते, थांबते,
तिचं नाव घेते. एवढंच.
आधी नाव दाताखाली खड्यासारखं यायचं.
आता नुसतं नाव येतं.

परवा पहिल्या घाण्यातली भाकर
फडक्यात गुंडाळून तिच्या जिन्याखाली उभी राहिले.
दुसऱ्या मजल्यावर दिवा होता.
कुणीतरी खोकत होतं, म्हाताऱ्यासारखं.
ती माझ्याहून दोन वर्षांनी लहान.
पाच पायऱ्या चढले.
उतरले.
परतताना भाकर मीच खाल्ली, गार, रस्त्यातच.

ते त्याला सांगितलं. पाचही पायऱ्या सांगितल्या.

आज बाहेर पुन्हा बर्फ पडतंय.
साडेतीन झालेत. डबी लावली आहे.
मेणकापडावर दोन हात ठेवून बसले आहे.
कुठे ठेवायचे ते अजूनही कळत नाही.